विचारशैली मोजायच्या दोन पट्ट्या : पुण्यातल्या प्रोजेक्टच्या नोंदी

९ जून

विषय एकदाचा फायनल झाला. मराठी बोलणाऱ्या मोठ्या माणसांची विचारशैली मोजायची प्रश्नावली बनवायची, म्हणजे एखादा माणूस निर्णय घेताना कारणं तपासत, हिशोब मांडत किती जातो आणि मनाच्या कौलावर किती विसंबतो हे आकड्यात आणायचं. इंग्रजीत अशा प्रश्नावल्या ढीगभर आहेत, पण आम्हाला कॉलेजच्या पोरांपुरतं काम करायचं नाहीये, दुकानदार, रिक्षावाले, सिस्टर, रिटायर्ड लोक, घर सांभाळणाऱ्या बायका असे सगळे हवेत, आणि त्यांना वाचता वाचता अडखळायला होणार नाही अशी प्रश्नावली हवी.

मॅडमनी पहिल्याच मीटिंगला एक गोष्ट स्पष्ट केली आणि मला ती मनापासून पटली. लोकांना वाटतं एकच पट्टी आहे, एका टोकाला डोकं आणि दुसऱ्या टोकाला मन, आणि आपण त्यावर कुठेतरी उभे. त्या म्हणाल्या, "अगं, हे गृहीत धरून प्रश्न लिहिलेस तर डेटा पण तेच सांगणार, तू माणसाला दोन्ही म्हणायची जागाच ठेवलेली नसेल." हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

१३ जून

दिवसभर जयकर लायब्ररीत. थोडा इतिहास इथे टाकून ठेवते, ग्रुपमधल्या ज्युनियर्सना उपयोगी पडेल.

मानसशास्त्रज्ञ युंगने १९२१ च्या पुस्तकात विचार विरुद्ध भावना आणि संवेदन विरुद्ध अंतःप्रेरणा अशा जोड्या लावल्या. पुढे मायर्स-ब्रिग्ज या व्यक्तिमत्त्व चाचणीने त्याच जोड्या घेतल्या, तिथे तुम्ही एका बाजूचे होता किंवा दुसऱ्या. मग १९८२ मध्ये कॅसिओपो आणि पेटी यांनी फक्त एकच बाजू धरली, माणसाला विचार करण्यात मुळात रस किती, त्यासाठी त्यांनी ३४ विधानं केली आणि १९८४ मध्ये ती १८ वर आणली. हे १८ विधानांचं रूप आजही सगळीकडे वापरतात.

खरं वळण आलं सेमूर एप्स्टाईनमुळे. हा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला, अॅमहर्स्टचा. त्याचं म्हणणं असं की आपल्याकडे माहिती हाताळायच्या दोन व्यवस्था एकाच वेळी चालू असतात, एक सावकाश, शब्दांतून आणि कारणांतून जाणारी, दुसरी पटकन, अनुभवातून, चित्रांतून आणि भावनेतून जाणारी. दोन्ही सतत चालू, दोन्ही एकमेकींवर परिणाम करतात. १९९६ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी ३१ विधानांची प्रश्नावली काढली, त्यात १९ विचार करण्याच्या आवडीची (ती कॅसिओपो-पेटींच्याच विधानांवरून घेतलेली) आणि १२ अंतःप्रेरणेवरच्या विश्वासाची. आणि निघालं काय तर दोन्ही गुणांचा एकमेकांशी जवळपास संबंधच नाही. एक जास्त म्हणून दुसरं कमी असं होत नाही!

१९९९ मध्ये पचीनी आणि एप्स्टाईन यांनी ती ४० विधानांची केली, २० आणि २०, आणि प्रत्येक वीसमध्ये परत दोन भाग, ते जमतं का आणि ते करायला आवडतं का. विश्वसनीयता (म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात, जास्तीत जास्त १) दोन्हीकडे ०.९ च्या आसपास. हा जमणं आणि आवडणं यातला फरक मला फार कामाचा वाटतोय, आपल्याला तो ठेवायचाच आहे.

आपल्याकडेही मोजमापाचं काम जुनं आहे हे विसरायला नको. १९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामतांनी बिनेची बुद्धीमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली, आणि इथे सदाशिव पेठेत ज्ञान प्रबोधिनीच्या प्रज्ञा मानस संशोधिकेत गिलफर्डच्या बुद्धीरचनेला धरून वर्षानुवर्षं काम चाललंय. पण ते सगळं क्षमतेचं. आपण विचारतोय सवय आणि कल, ज्याला बरोबर-चूक असं उत्तर नसतं, त्यामुळे तिथली पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही.

२१ जून

दोन्ही पालख्या पुण्यात, त्यामुळे रस्ते बंद आणि सगळे आपापल्या घरून काम करतायत. चांगलं झालं, विधानं लिहायला निवांतपणा मिळाला.

इंग्रजी विधानांचं भाषांतर करायचं नाही, आपल्याकडच्या वागण्यातूनच लिहायची असं ठरलंय. आजची काही:

"अवघड कोडं समोर आलं की ते सोडवत बसायला मला आवडतं."
"ज्यात फार डोकं लावावं लागतं अशी कामं टाळण्याकडे माझा कल असतो."
"एखाद्या गोष्टीमागची कारणं ओळीने मांडून सांगणं मला जमतं."
"नवीन माणसाबद्दल माझा पहिला अंदाज सहसा बरोबर निघतो."
"आतून नको वाटत असेल तर कागदावर सगळं चांगलं दिसत असूनही मी थांबणं पसंत करते/करतो."

शेवटच्यात करते/करतो आलं की वाचणारा तिथेच अडखळतो, म्हणून शक्य तिथे "मला", "माझा" अशी रचना करायची, नाहीतर बायकांचा आणि पुरुषांचा फॉर्म वेगळा छापायचा.

३० जून

विधानांची चाळणी, चारजणी मिळून. काही नियम ठरले आणि ते का ठरले ते लिहिते.

एका विधानात एकच गोष्ट. "मी नीट विचार करून आणि घाई न करता निर्णय घेते" हे बाद, कारण नीट विचार भराभरही करता येतो.

पैसे आणि काटकसर टाळायची. "मोठ्या खरेदीआधी दोन-तीन दुकानातले भाव लिहून काढते" हे विधान सगळ्यांना आवडलं होतं, अगदी लक्ष्मी रोडवरचंच वाटतं, पण ते काटकसरीचं माप आहे, विचारशैलीचं नाही. ज्याच्या खिशात पैसे कमी त्याला भाव बघावाच लागतो, तो स्वभावाने तर्कप्रिय असो वा नसो. बाद.

उलटी विधानं दोन्ही पट्ट्यांवर (एक तर्काची, एक अंदाजाची म्हणजे अंतःप्रेरणेवरच्या विश्वासाची) सारखी वाटायची. हे जरा सविस्तर लिहायला हवं. काही माणसं कशालाही "हो हो, बरोबर" म्हणत टिक करत जातात, त्याला उपाय म्हणून काही विधानं उलट्या दिशेने लिहितात आणि गुण देताना फिरवून घेतात, १ (अजिबात पटत नाही) चे ५ (पूर्ण पटतं) आणि ५ चे १. पण समजा सगळी उलटी विधानं तर्काच्या पट्टीवर ठेवली आणि अंदाजाच्या पट्टीवर एकही नाही, तर हो-हो म्हणणाऱ्याचे तर्काचे गुण मध्यावर येणार आणि अंदाजाचे आपोआप वर जाणार. मग आपण म्हणणार की बघा, हा माणूस अंतःप्रेरणेवर चालतो, आणि तो बिचारा फक्त भिडस्त असणार. म्हणून दोन्हीकडे जितकी सुलटी तितकीच उलटी.

आणि उलटं विधान म्हणजे "नाही" घुसवणं नव्हे. "मला विचार करायला आवडत नाही असं नाही" असलं काही कुणाला वाचायला लावायचं नाही. "टाळण्याकडे कल असतो" असं सरळ वाक्यात उलटं लिहायचं.

८ जुलै

आज मार्केट यार्ड, गुलटेकडी. विधानं मोठ्याने वाचायची आणि समोरच्याने डोक्यात काय येतंय ते बोलत बोलत उत्तर द्यायचं, अशी ही फेरी. आकडे गोळा करायचे नाहीयेत, फक्त विधान माणसाला कसं ऐकू येतंय ते बघायचं.

कांदा-बटाटा विभागातल्या एका आडत्यांच्या गाळ्यावर बसले. लिलाव आटोपला होता, चहा आला. मी पहिलं विधान वाचलं, अंदाजावर विसंबण्याचं, तर काकांनी उत्तर द्यायच्या ऐवजी बाजूच्या गोणीत कोपरापर्यंत हात घातला आणि तळातला कांदा वर काढला. अंगठ्याने त्याची मान दाबली. "ही बघा, नरम लागली. ही गोणी टिकायची नाही." मला दाबायला दिली, मला काहीच कळलं नाही. मग त्यांनी वरचा एक कांदा दिला, दोन्ही एकामागून एक दाबले तेव्हा कुठे थोडा फरक जाणवला. किती वेळात ठरवता असं विचारलं तर म्हणाले ठरवत नाही ओ ताई, हाताला कळतं.

इथपर्यंत मला वाटलं हे पूर्ण अंदाजावर चालणारं गिऱ्हाईक. पुढचं विधान वाचलं, कारणं ओळीने मांडणं जमतं का. काकांनी मोबाईल काढला, लासलगावचा सकाळचा भाव दाखवला, मग कालची आवक, आज किती गाड्या आल्या, पावसाने माल कुठे अडकलाय, त्यावरून उद्या भाव कुठे जाईल हे बोटांवर मोजत मला समजावून सांगितलं, एकही पायरी न गाळता. आणि मग कागदावर दोन्ही विधानांपुढे ५ वर टिक केलं आणि मला विचारलं, "हे दोन्ही खरंय माझ्या बाबतीत, चालतं ना? का एकच लिहायचं असतं?"

चालतं काका. हेच तर हवंय. एकच पट्टी ठेवली असती तर या माणसाला मधोमध ३ वर बसवावं लागलं असतं, म्हणजे धड इकडचा नाही धड तिकडचा, आणि ते साफ खोटं ठरलं असतं.

गाळ्यावर त्यांचा पुतण्याही होता, तो मोबाईलवर शेअर घेतो-विकतो आणि म्हणाला माझंही काकांसारखंच, आतून वाटलं की घेतो. त्यावर मला २००९ चा कानेमन आणि गॅरी क्लाईन या मानसशास्त्रज्ञांचा लेख आठवला. एकाने आयुष्यभर अंदाज कसे चुकतात ते दाखवलेलं, दुसऱ्याने आग विझवणारे अधिकारी वगैरे जाणकारांचे अंदाज किती नेमके असतात ते, आणि दोघांनी मिळून लिहिलं की अंदाजावर भरवसा ठेवायला दोन गोष्टी लागतात, जिथे काम करतोय तिथे काही नियमितपणा हवा आणि चूक-बरोबर लवकर कळून शिकायची संधी हवी. कांद्याच्या गोणीला दोन्ही लागू पडतं, नासला तर आठवड्यात वास येतो. शेअरच्या रोजच्या चढ-उताराचं तसं नाही. पण आपली प्रश्नावली या दोघांना अंदाजाच्या पट्टीवर सारखेच गुण देणार! त्यामुळे रिपोर्टमध्ये ठळक लिहावं लागेल की ही पट्टी अंदाजावरचा विश्वास मोजते, अंदाज खरा ठरतो का ते मोजत नाही.

१२ जुलै

अजून दोन मुलाखती.

ओळखीतल्या एक सिस्टर, आयसीयूत काम करतात. औषधाच्या डोसचा हिशोब त्या रोज करतात, दोनदा तपासतात, कधी चुकत नाहीत. पण "असं डोकं लावायचं काम मला आवडतं" याला त्यांनी २ दिले. म्हणाल्या, जमतं, करावंच लागतं, पण घरी आल्यावर कुणी हिशोब घेऊन बसायला सांगितलं तर अंगावर येतं. उलट पेशंट ढासळतोय हे मॉनिटरच्या आधी कळणं, याबद्दल बोलताना त्यांचा चेहराच बदलला. जमणं आणि आवडणं वेगळं ठेवलं ते किती योग्य हे एका मुलाखतीत दिसलं.

दुसरे कोथरूडचे एक रिटायर्ड इंजिनियर काका. तर्काच्या प्रत्येक विधानाला ५, अंदाजाच्या प्रत्येकाला १, फार वेळ न घेता. काकू तिथेच बसलेल्या, त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, हा फ्लॅट तुम्ही पहिल्यांदा बघितला आणि त्याच दिवशी टोकन दिलं होतंत." काका म्हणाले ते वेगळं. काका खोटं बोलत होते असं मला अजिबात वाटत नाही, विचारी माणूस असणं ही आपल्याकडे मानाची गोष्ट आहे आणि माणूस स्वतःला तसाच आठवतो. उपाय म्हणून एक छोटा फॉर्म घरच्या माणसासाठी करायचा, तीच विधानं पण "यांना" लावून. दोन्ही फॉर्म कितपत जुळतात ते पडताळणीत घालू. मॅडमना कल्पना आवडली.

अजून एक प्रश्न दोन्ही ठिकाणी आला, "कशाबद्दल विचारताय, मुलीच्या लग्नाबद्दल का भाजी घेण्याबद्दल?" रास्त प्रश्न आहे. पाखुर आणि श्पार यांनी २०१५ मध्ये हेच तपासलं होतं, एकच माणूस वेगवेगळ्या क्षेत्रात वेगळी शैली पसंत करतो. आम्ही सूचनेत एक ओळ वाढवली, "रोजच्या आयुष्यात बहुतेक वेळा तुमचं कसं असतं ते डोळ्यापुढे आणा", आणि शेवटी आरोग्य, पैसा, नाती आणि काम यावर एकेक वेगळं विधान घातलं.

१९ जुलै

संमतीपत्रं छापून आली. मोठा टाईप, एक पान. नाव-फोन घ्यायचा नाही, फक्त कोड. दुसऱ्या फेरीत तोच माणूस जुळवायला आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि जन्मतारखेचा दिवस.

२ ऑगस्ट

बोहरी आळीतून मणी आणले, लाल आणि पांढरे, एकाच मापाचे. स्टीलच्या दोन वाट्या, एक छोटी आणि एक मोठी.

हे कशासाठी ते सांगते. माणूस स्वतःबद्दल काय सांगतो यावर सगळा भार टाकायचा नाही, प्रत्यक्ष काहीतरी करायला लावायचं. १९९४ मध्ये डेनेस-राज आणि एप्स्टाईन यांनी जेली बीन (रंगीत गोळ्या) घेऊन हा प्रयोग केला होता. छोट्या वाटीत १० दाणे, त्यातला १ लाल. मोठ्या वाटीत १०० दाणे, त्यात ५ ते ९ लाल. लाल निघाला तर बक्षीस, न बघता एकच दाणा काढायचा. छोट्या वाटीत शक्यता १०%, मोठ्या वाटीत जास्तीत जास्त ९%. हिशोब उघड आहे, तरी बरेच लोक मोठ्या वाटीत हात घालतात, आणि त्यातली गंमत म्हणजे शक्यता कमी आहे हे माहीत असूनही घालतात! पचीनी आणि एप्स्टाईन यांनी पुढे १९९९ मध्ये याच गोष्टीचा विचारशैलीशी संबंध जोडून बघितला.

आज ग्रुपबाहेरच्या चौघा-पाचजणांवर करून बघितलं, बक्षीस लोणावळ्याची चिक्की. एक ताई, शाळेत गणित शिकवतात, दोन्ही वाट्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या, १० पैकी १, १०० पैकी ९ असं मनात काहीतरी पुटपुटल्या आणि मग म्हणाल्या, "छोटीतच चान्स जास्त आहे हं." हात गेला मोठ्या वाटीवर. विचारलं का, तर, "इथे लाल नऊ दिसतायत ना." हात मागे घेतला नाही. दोन व्यवस्था एकाच वेळी चालू असतात हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय, पण असं दोन सेकंदात समोर घडताना बघणं वेगळंच. त्यांना दोन्ही कळत होतं, एक तोंडाने सांगत होत्या आणि एक हाताने.

प्रयोगासाठी ठरवलं की निवड झाल्यावर लगेच विचारायचं, "शक्यता कुठे जास्त होती?" म्हणजे ज्याला हिशोब आलाच नाही आणि ज्याला हिशोब येऊनही मोठी वाटी घ्यावीशी वाटली, ते दोन गट वेगळे पडतील. ते एकत्र मोजले तर आपण विचारशैलीच्या नावाखाली शाळेतलं गणित मोजत बसू.

१६ ऑगस्ट

दुसरं प्रत्यक्ष काम म्हणजे शेन फ्रेडरिकची तीन कोडी, २००५ ची. बॅट आणि बॉल मिळून ११० रुपये, बॅट बॉलपेक्षा १०० रुपयांनी महाग, तर बॉल कितीला? पटकन १० येतं आणि उत्तर आहे ५. त्याच्या ३४२८ जणांत ३३% लोकांना एकही आलं नाही आणि तिन्ही आली फक्त १७% लोकांना. पहिलं सुचलेलं उत्तर थांबवून परत तपासायची सवय आहे का, ते यातून कळावं अशी कल्पना.

अडचणी दोन. एक म्हणजे हे बॅट-बॉल व्हॉट्सअॅपवर इतकं फिरलंय की आधी बघितलेल्याचं उत्तर घेण्यात अर्थ नाही, त्यामुळे "हे आधी बघितलंय का" हा प्रश्न हवाच. दुसरी परत गणिताचीच. थॉमसन आणि ओपनहायमर यांनी २०१६ मध्ये कमी आकडेमोडीची कोडी काढली, शर्यतीत दुसऱ्या नंबरवाल्याला मागे टाकलंत तर तुम्ही कितवे, अशा धर्तीची. (पटकन पहिले वाटतं, खरं तर दुसरे.) आम्ही दोन्ही प्रकार मिसळून घेतोय.

आणि हे आधीच लिहून ठेवते म्हणजे नंतर कुणी निराश व्हायला नको: विचार करायची आवड आणि ही कोडी सुटणं यांचा संबंध फ्रेडरिकच्या लेखातही ०.२२ (१ म्हणजे पूर्ण संबंध) एवढाच होता. आवड आणि सवय एकच नाहीत, त्यामुळे आपल्याकडेही संबंध छोटाच येईल आणि तो तसाच यायला हवा. फार मोठा आला तर मला शंका येईल की विधानांमधून आपण हुशारीच विचारतोय.

२५ ऑगस्ट

गणपती परवावर. फॉर्म भरून घ्यायची गडबड, सोसायट्या, एक महिला बचत गट, दोन रिक्षा स्टँड, सिंहगड रोडवरचं एक वाचनालय. विसर्जनानंतर उरलेले.

१२ सप्टेंबर

डेटा भरून झाला, जामोवीत (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) घातला. उलटी विधानं फिरवली. एकाच खान्यात वरपासून खालपर्यंत टिक केलेले फॉर्म वेगळे काढले, आणि "या ओळीत ४ वर टिक करा" हे लक्ष तपासायचं वाक्य ज्यांचं चुकलं तेही. मात्र वयस्कर लोकांचे असे फॉर्म मी एकेक करून बघितले, कारण बऱ्याच जणांना त्या वाक्याचा उद्देशच कळला नव्हता, त्यांनी बाजूला प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. लक्ष नसलेला माणूस प्रश्नचिन्ह काढत नाही. ते फॉर्म ठेवलेत.

"३ – सांगता येत नाही" याचा ढीग पडलाय काही विधानांवर. तिथे मत नाही असं नसून "वेळेवर अवलंबून" असं लोकांना म्हणायचंय, हे मुलाखतींमधून माहीत आहे. पुढच्या आवृत्तीत मधल्या खान्याचं लेबल "कधी असं, कधी तसं" करायचं.

२० सप्टेंबर

घटक विश्लेषण, म्हणजे कुठल्या विधानांची उत्तरं एकत्र वर-खाली होतात ते बघून त्यांचे गट (घटक) शोधणं. किती घटक ठेवायचे हे डोळ्यांनी न ठरवता हॉर्नच्या १९६५ च्या पद्धतीने ठरवलं, म्हणजे तेवढ्याच आकाराचा निव्वळ योगायोगाचा डेटा बनवायचा आणि आपले घटक त्याच्या वर जातात का ते बघायचं.

दोन मोठे घटक स्वच्छ निघाले, तर्काचा आणि अंदाजाचा, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध शून्याच्या जवळ. ग्रुपवर कुणीतरी ढोल वाजतानाचा व्हिडिओ टाकला आणि मला तो अगदी योग्य वाटला. मराठी, पुण्यातला, रिक्षा स्टँडपासून वाचनालयापर्यंतचा डेटा, आणि चित्र तेच, एकाच माणसात दोन्ही जास्त असू शकतात आणि दोन्ही कमीही.

तिसरा एक छोटा घटक आलाय आणि त्याच्यात जवळपास सगळी उलटी विधानं एकत्र बसलीयत, तर्काची आणि अंदाजाची दोन्ही. म्हणजे तो लिहायच्या दिशेचा घटक आहे, माणसाच्या स्वभावाचा नाही. दोन्ही पट्ट्यांवर उलटी विधानं सारखी वाटली होती म्हणून तो असा वेगळा ओळखता तरी आला, नाहीतर तो एका पट्टीत मिसळून गेला असता आणि कुणाला पत्ता लागला नसता.

जमणं-आवडणं हा फरक तर्काच्या पट्टीवर दिसतो, अंदाजाच्या पट्टीवर पुसट होतो. याचं कारण मला असं वाटतं की ज्याला अंदाज जमतो असं वाटतं तो वापरतोच, सिस्टरसारखं "जमतं पण आवडत नाही" हे अंदाजाबाबत म्हणणारं मला मुलाखतीत कुणी भेटलं नाही. अजून डेटा हवा.

क्रॉनबाखचा अल्फा (विश्वसनीयतेचं माप) दोन्हीकडे समाधानकारक. पण त्यावर फार नाचायचं नाही असं मॅडम म्हणाल्या आणि त्यांचं बरोबर आहे, अल्फा विधानांची संख्या वाढवली की वर जातो, आणि एकच गोष्ट पाच प्रकारे विचारली तरी वर जातो.

२८ सप्टेंबर

आज दोन तास वाद, आणि मला तो इथे नीट नोंदवायचाय.

हिंजवडीतल्या एका कंपनीत एचआरला असलेल्या ओळखीच्या ताईंनी विचारलं की तुमची प्रश्नावली भरतीत वापरता येईल का, पण एकच आकडा द्या, माणूस तर्काचा का अंदाजाचा एवढं कळलं की बास. ग्रुपमधल्या एकीचं मत पडलं, सोपं आहे, तर्काच्या गुणातून अंदाजाचे गुण वजा करायचे, अधिक आलं तर तर्कवाला, उणे आलं तर अंदाजवाला.

मी हे होऊ देणार नाही. समजा एकाची दोन्ही सरासरी ५ आणि ५, वजाबाकी शून्य. दुसऱ्याची १ आणि १, वजाबाकी शून्य. पहिला म्हणजे मार्केट यार्डातले काका, हातही चालतो आणि हिशोबही. दुसरा म्हणजे ज्याला विचार करायचाही कंटाळा आणि स्वतःच्या मनावरही भरवसा नाही, कदाचित दुसरं कुणी सांगेल तसं करणारा. या दोघांना एकच शून्य देणारं माप कसलं माप? तीन महिने जे दोन वेगळं आहे ते दाखवायला घालवले आणि शेवटच्या पायरीवर वजाबाकी करून परत एक करायचं?

चार खोके पाडायची सूचनाही आली, दोन्ही जास्त, दोन्ही कमी, आणि एकेक जास्त. ते वजाबाकीपेक्षा बरं, पण बहुतेक माणसं मध्याच्या आसपास असतात, तिथे एका टिकने माणूस या खोक्यातून त्या खोक्यात जातो आणि मग त्याला आयुष्यभर सांगत फिरायला एक नाव मिळतं. खोके नकोत.

आणि भरतीसाठी तर अजिबात नाही. नोकरी पाहिजे असलेला माणूस तर्काच्या विधानांना ५ च देणार, त्याला दोष देता येणार नाही. ताईंना फोन करून सांगितलं, त्यांनी समजून घेतलं.

८ ऑक्टोबर

सहभागी झालेल्यांना द्यायचा कागद तयार. दोन आडव्या रेघा, वर तर्क, खाली अंदाज, प्रत्येकीवर एक ठिपका आणि ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना मापातल्या चुकीची शक्यता दाखवणारी फिकट पट्टी. खाली तीन वाक्यं: या दोन रेघा वेगवेगळ्या वाचाव्यात, जास्त म्हणजे चांगलं असं नाही, हा कागद तुमचा अंदाज किंवा तुमचा हिशोब बरोबर असतो का ते सांगत नाही. आडत्या काकांच्या पुतण्यासाठी मी तिसरं वाक्य ठळक करायला लावलंय.

घरच्यांच्या फॉर्मची जुळणी अजून बाकी. वरवर बघता तर्काच्या बाजूला घरचे आणि स्वतः यांच्यात अंतर जास्त दिसतंय, पण सगळे फॉर्म आल्याशिवाय काही लिहिणार नाही.

दुसरी फेरी दिवाळीनंतर, त्याच लोकांकडे, म्हणजे गुण किती स्थिर राहतात ते कळेल. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात कुणाला फॉर्म द्यायचा नाही हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, दुकानदार तर वेळच देणार नाहीत आणि बाकीचे उरकून टाकतील. मधल्या खान्याचं नवीन लेबल या फेरीत वापरायचं नाही, जुनाच फॉर्म न्यायचा, नाहीतर फरक माणसात पडला का कागदात ते सांगता येणार नाही. मण्यांच्या वाट्या माझ्याकडे आहेत, ज्याला न्यायच्या त्याने आदल्या दिवशी सांगा, मणी मोजून देते आणि मोजूनच परत घेणार.

भूसार विभागातले आणि मंडईतले लोक पहिल्या फेरीत कमी आले, त्यांच्यासाठी नवे कोरे फॉर्म वेगळ्या फाईलमध्ये ठेवलेत, निळ्या.